पानात गुण आहे, पण डबीत उतरतो का?

कोथरूड असो, वाकड असो की हडपसर, सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून येतोच. ‘घरी बनवलेलं, शंभर टक्के हर्बल, केमिकल-फ्री क्रीम. मंजिष्ठा, हळद, कोरफड, ज्येष्ठमध. डाग जातात, पुरळ जातं, रंग उजळतो.’ दिवाळी जवळ आली की त्यात उटण्याची भर पडते. जत्रा-प्रदर्शनांत अशा डब्यांचे स्टॉल ओळीने लागतात आणि खपतातही. दुसरीकडे त्वचेच्या डॉक्टरांकडे ‘हर्बल’ क्रीम लावून लालबुंद चेहरा घेऊन आलेले लोक बसलेले असतात. मग घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, हे सगळं थोतांड आहे. दुसरा म्हणतो, हजारो वर्षांचं ज्ञान आहे, डॉक्टरांना काय कळतंय.

दोन्ही तट एकच गोष्ट विसरतात. वनस्पतीत गुण असणं वेगळं आणि तिच्यापासून केलेल्या क्रीममध्ये गुण असणं वेगळं. या दोहोंच्या मधे बरीच मोठी मजल आहे. त्या मजलेत काय काय करावं लागतं, ते इथे सांगतो. झाड निवडणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. गंमत म्हणजे तिथेही लोक चुकतात.

आधी झाड तरी तेच आहे का?

पुण्यात सोसायट्यांच्या कुंपणाला जी उंच, सरळसोट, लांब पानांची झाडं दिसतात, त्यांना आपण सर्रास अशोक म्हणतो. वैद्यकातला अशोक तो नव्हे. तो सीतेचा अशोक, केशरी-लाल फुलांच्या झुपक्यांचा. दोघांचं कूळसुद्धा वेगळं. तरी अशोकाची साल म्हणून बाजारात कुंपणावरच्या झाडाची साल मिसळली जाते, हे जाणकारांना जुनंच ठाऊक आहे.

त्वचेच्या बाबतीत याहून नेमकं उदाहरण ब्राह्मीचं. ब्राह्मी मागितली की कुणी गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या पानांचा जमिनीवर पसरणारा वेल देतो, तर कुणी बारीक, मांसल पानांची, ओलसर जागी वाढणारी वनस्पती देतो. पहिली मंडूकपर्णी, दुसरी नीरब्राह्मी. जखम भरण्यासाठी आणि त्वचा शांत करण्यासाठी ज्या ‘सिका’ क्रीमचा सध्या बोलबाला आहे, ती मंडूकपर्णीची. तिच्यातलं एशियाटिकोसाइड नीरब्राह्मीत नसतं. चुकीची ब्राह्मी घेतली तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

म्हणून फार्मसीचे विद्यार्थी प्रकल्पाच्या सुरुवातीलाच वाळवून दाबलेली, फुलाफळासकट फांदी घेऊन ओळख पटवायला जातात. पुण्यात त्यासाठी कोरेगाव रोडवर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं केंद्र आहे आणि आघारकर संशोधन संस्था आहे. (ही आघारकर संस्था आगरकर रस्त्यावर आहे. नवख्या माणसाची पहिली तारांबळ तिथेच उडते.) तज्ज्ञ नमुना तपासतात, त्याला क्रमांक मिळतो आणि तो नमुना जपून ठेवला जातो. पुढे कुणी विचारलंच, की तुम्ही नक्की कोणतं झाड वापरलं होतं, तर दाखवायला पुरावा असतो. घरगुती क्रीमवाल्या किती जणांनी ही पायरी गाठलेली असते, हे विचारण्यात अर्थ नाही.

झाड बरोबर असलं तरी कुठल्या जमिनीतलं, कोणत्या महिन्यात काढलेलं, उन्हात वाळवलेलं की सावलीत, साल की मूळ, यावर आतली द्रव्यं कमीजास्त होतात. हळदीतला पिवळा घटक म्हणजे कुरकुमीन. तो साधारण दोन ते पाच टक्के असतो. म्हणजे एका पोत्यातली हळद दुसऱ्या पोत्यातल्या हळदीच्या दुप्पट ‘कडक’ असू शकते. सांगलीची आणि वायगावची, दोन्ही हळदींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. मानांकन गावाची ओळख सांगतं, पोत्यातलं कुरकुमीन मोजून देत नाही.

अर्क म्हणजे चहाच

घरात चहाची पूड एकच असते. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं टाकली की एक चहा होतो. दहा मिनिटं खळखळ उकळली की तुरट, कडू काढा होतो. गार पाण्यात रात्रभर ठेवली तर तिसरंच काहीतरी होतं. पूड तीच, पण तिच्यातून बाहेर काय यायचं ते पाणी, आच आणि वेळ मिळून ठरवतात. वनस्पतीचा अर्क काढणं हे नेमकं हेच काम. फरक इतकाच, की पाण्याऐवजी अल्कोहोल, ग्लिसरीन, तेल किंवा प्रचंड दाबाखालचा कार्बन डायऑक्साइडही वापरतात. ज्यात द्रव्य विरघळवून काढायचं, त्या पदार्थाला द्रावक म्हणतात.

पाणी साखरेसारखे आणि तुरट पदार्थ चांगले ओढतं. कुरकुमीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्याला अल्कोहोल किंवा तेल लागतं. त्यामुळे हळद पाण्यात उकळून गाळलेल्या ‘हळदीच्या अर्कात’ जाहिरातीतला तो प्रसिद्ध घटक नावालाच उरलेला असतो. डबीवर नुसतं ‘हळद अर्क’ लिहिलेलं वाचून यातलं काहीच कळत नाही.

डबीवर कधी कधी ‘१०:१ अर्क’ असंही लिहिलेलं असतं. दहा किलो वनस्पतीपासून एक किलो अर्क काढला, एवढाच त्याचा अर्थ. ऐकायला दमदार वाटतं. पण शिळ्या पुडीचा कितीही दाट चहा केला तरी तो शिळ्या पुडीचाच.

म्हणून चांगली कंपनी एक-दोन ओळखीची द्रव्यं निवडते आणि प्रत्येक खेपेत ती ठरलेल्या प्रमाणात आहेत का ते मोजते. अशा द्रव्याला मार्कर म्हणतात. मंडूकपर्णीत एशियाटिकोसाइड, ज्येष्ठमधात ग्लॅब्रिडिन, हळदीत कुरकुमीन. अर्काचा थेंब काचेच्या एका लेपित पट्टीवर ठेवून द्रावकात चढवला की आतली द्रव्यं वेगवेगळ्या उंचीवर पट्ट्यांसारखी सुटी होतात. या खेपेचे पट्टे मागच्या खेपेशी जुळले तर माल पुढे जातो. याच टप्प्यावर शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम, कीटकनाशकांचे अंश, बुरशी आणि जिवाणू हेही तपासावे लागतात, कारण वनस्पती जमिनीतून चांगलं तेवढंच उचलते असं नाही.

आपल्याकडच्या तैलपाकाकडे, म्हणजे औषधी तेल सिद्ध करण्याच्या रीतीकडे, या नजरेने पाहिलं तर आदर वाढतो. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर याने एक भाग कल्क (वनस्पती वाटून केलेला लगदा), चार भाग तेल, सोळा भाग द्रव असं प्रमाण सांगितलं आहे. पाणी आटेपर्यंत मंद आच द्यायची आणि पाक मृदू, मध्यम की खर झाला ते परीक्षा करून ठरवायचं. द्रावक, प्रमाण, उष्णता, थांबण्याची खूण, सगळं त्यात आलं. ‘अंदाजे मूठभर घाला’ हे शास्त्रात नाही. ते यूट्यूबवर आहे.

त्वचा आत घेईल का?

त्वचेचं मुख्य काम बाहेरच्या गोष्टी बाहेर ठेवणं. सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. चेहऱ्यावर, हातावर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून पन्नासाव्या भागापर्यंत. या पेशींच्या मधे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं भरलेली असतात. इतका पातळ थर, पण बहुतेक पदार्थांना तो ठाम अडवतो.

ढोबळ नियम असा, की ज्या रेणूचं वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो धडधाकट त्वचेतून सहसा आत जात नाही. डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप. हा ५०० चा नियम २००० साली दोन संशोधकांनी मांडला आणि औषधशास्त्रात तो अजून वापरला जातो. ग्लॅब्रिडिन ३२४ डाल्टनचं, ते पहिल्या परीक्षेत पास. एशियाटिकोसाइड ९५० च्या वर, त्यामुळे अखंड त्वचेवर त्याला झगडावं लागतं. जखमेवर गोष्ट वेगळी, तिथे दारच उघडं असतं. एकच वनस्पती जखमेवर चांगली ठरते आणि सुरकुत्यांवर फारशी नाही, यात म्हणूनच विसंगती नाही.

नुसता आकार पुरत नाही. त्या मेदाच्या थरात शिरायला रेणूला थोडं तेल आवडावं लागतं आणि पुढच्या ओलसर थरात जायला थोडं पाणीही. क्रीमचा जो पाया असतो तो इथे कामाला येतो. कोणत्या तेलात, किती थेंबांत, कोणत्या आम्लतेत द्रव्य ठेवलं, त्यावर ते क्रीममध्येच बसून राहतं की त्वचेकडे सरकतं, हे ठरतं.

प्रत्येक घटकाने आत गेलंच पाहिजे असंही नाही. कोरफडीचा गर जवळजवळ ९९ टक्के पाणी. उरलेल्यात लांबलचक साखरेच्या साखळ्या. त्या आत जात नाहीत, वर पातळ थर करून ओलावा धरतात, आणि तेवढ्यासाठी कोरफड उत्तम आहे. फक्त पान कापल्यावर सालीलगत जो पिवळा, कडू चीक येतो, तो गरात मिसळू द्यायचा नाही. त्यातलं एलोइन त्वचेला चुरचुरतं. अंगणातली कोरफड थेट गालावर घासणाऱ्यांची तक्रार बहुधा तिथूनच सुरू होते.

हळदीचं दुखणं वेगळंच

कुरकुमीनचं वजन ३६८. आकाराच्या परीक्षेत पास. चाचण्यांमध्ये ते दाह कमी करतं, असंख्य शोधनिबंध त्यावर आहेत. मग क्रीममध्ये ते टिकवणं आणि वापरणं इतकं अवघड का?

कुरकुमीनला अल्कली सोसत नाही, हे त्याचं पहिलं कारण. हळदीत चुना घातला की ती लाल होते, पारंपरिक कुंकू याच गुणावर होतं. साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, नऊ-दहाच्या घरात असतो. घरी केलेल्या ‘हळद सोप’ची वडी काही दिवसांत तांबूस-तपकिरी पडते. विकणारा सांगतो, बघा, किती नैसर्गिक! प्रत्यक्षात ज्या घटकासाठी पैसे मोजले तो मोडायला लागल्याची ती खूण आहे. शरीराच्या तापमानाला, साधारण ७.२ पीएचच्या साध्या द्रावणात, शुद्ध कुरकुमीन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नष्ट होतं असं प्रयोगात आढळलेलं आहे. त्वचेचा स्वतःचा पीएच पाचच्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकलेला, आणि तो कुरकुमीनला मानवतो. क्रीम तसंच आम्लधर्मी ठेवता येतं, पण ते मुद्दाम, मोजून करावं लागतं.

दुसरं कारण उजेड. पारदर्शक बाटलीत, दुकानाच्या शोकेसमध्ये ठेवलेलं हळदीचं सीरम दिसतं झकास आणि टिकतं कमी. तिसरं कारण सगळ्यांना माहीत असलेलं, पिवळा डाग. हळदीच्या समारंभाला तो शोभतो, सोमवारी हिंजवडीला मीटिंग असताना नाही. म्हणून कंपन्या कुरकुमीनवर प्रक्रिया करून रंगहीन टेट्राहायड्रोकुरकुमीन वापरतात. ते चांगलं असेलही. पण ते मूळ हळदीतल्यापेक्षा वेगळं, रासायनिक बदल केलेलं द्रव्य आहे आणि डबीवर चित्र मात्र हळकुंडाचंच असतं.

‘केमिकल नको’ म्हणजे नक्की काय नको?

बहुतेक वेळा लोकांना नको असतं ते प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे माल नासू न देणारा पदार्थ. आणि नेमकं तेच काढणं सगळ्यात धोक्याचं.

साध्या क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं. पाणी आणि तेल वेगवेगळं सत्तर-एक अंशांपर्यंत तापवतात, दोघांना जोडणारा पायसीकारक घालून जोरात घुसळतात, आणि मिश्रण चाळिशीखाली आलं की उष्णतेने बिघडणारा अर्क, सुवास, प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे घालतात. आता विचार करा. पाणी आहे, तेल आहे, वरून वनस्पतीतली साखर आणि प्रथिनं आहेत, आणि रोज कुणाचं तरी बोट डबीत बुडतं आहे. जिवाणूंना आणखी काय हवं? वनस्पतीचा अर्क घातल्याने हा प्रश्न वाढतो, कमी होत नाही. ‘आमच्यात कडुनिंब आहे, तोच प्रिझर्व्हेटिव्ह’ हा युक्तिवाद टिकत नाही. ई जीवनसत्त्वाचं तेच. ते तेल खवट होऊ देत नाही, जिवाणू मारत नाही.

खरी परीक्षा वेगळी असते. तयार क्रीममध्ये मुद्दाम स्टॅफिलोकोकस, सुडोमोनास, ई. कोलाय हे जिवाणू आणि कॅन्डिडा, ॲस्परजिलस या बुरश्या सोडतात आणि २८ दिवस ते मरतात की माजतात हे मोजतात. तिथे कित्येक ‘शुद्ध नैसर्गिक’ पाककृती नापास होतात. पास करायचं तर फिनॉक्सिइथेनॉल किंवा सोडियम बेंझोएट असं काहीतरी घालावंच लागतं. बेंझोएट पुन्हा आम्लधर्मी क्रीममध्येच काम करतं, आणि अर्काने पीएच वर ढकलला की त्याचा जोर जातो. एक धागा ओढला की दुसरा सैल होतो.

मग टिकाऊपणा. चाळीस अंश तापमान आणि ७५ टक्के दमट हवेत सहा महिने ठेवून क्रीम फुटतं का, काळं पडतं का, मार्कर किती उरला, हे बघतात. अर्कातले क्षार पायस, म्हणजे तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण, फोडतात, तुरट द्रव्यं लोखंडाच्या अंशाशी जुळून क्रीम करडं करतात. डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत पुण्याच्या एप्रिलमध्ये क्रीमचं काय होतं, याचं उत्तर त्या चाळीस अंशांच्या कपाटातच मिळतं.

आजी लावायची, तिला काही झालं नाही

खरं आहे. पण आजी काय लावायची ते आठवून बघा. उगाळलेलं चंदन, हळद-साय, डाळीचं पीठ, आंबेहळदीचा लेप. सगळं ताजं, लावायचं आणि धुवायचं. उरलं तर फेकायचं. टिकवायचं असेल तेव्हा तेल, तूप किंवा तेल आणि मेण एकत्र केलेलं सिक्थतैल. त्यात पाणीच नाही, मग जिवाणू वाढणार कशात? चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो, असंही शार्ङ्गधर सांगतो. परंपरेला नासण्याचा प्रश्न कळत होता आणि तिने तो आपल्या पद्धतीने सोडवलेला होता.

शतधौत घृत हे याचं फार सुंदर उदाहरण. तांब्याच्या भांड्यात तूप पाण्याने पुन्हा पुन्हा, नावाप्रमाणे शंभर वेळा, धुवायचं. कणीदार तुपाचं पांढरंशुभ्र, मऊ, तुपाचा वास गेलेलं लोण्यासारखं क्रीम होतं. आजच्या भाषेत सांगायचं तर तुपात पाण्याचे बारीक थेंब अडकवलेलं पायस, आणि तेही कुठलाही वेगळा पायसीकारक न घालता. पण यात पाणी आलं, म्हणून ते थोडं करावं आणि लवकर संपवावं. गडबड झाली ती आपण आजीचे घटक घेतले आणि कंपनीचं स्वरूप घेतलं म्हणून. पाणीदार लोशन, वर्षभराची मुदत, आणि तरी प्रिझर्व्हेटिव्ह नको. असं आजीने कधी केलं नव्हतं.

नैसर्गिक आहे, मग अपाय कसा होईल?

महाराष्ट्रात हा प्रश्न पडूच नये. बिब्बा उतणं म्हणजे काय, हे गावाकडच्या कुणालाही विचारा. टाचेच्या भेगांना बिब्बा लावणारे आहेत, आणि त्याच बिब्ब्याच्या तेलाने अंगभर फोड आलेलेही.

पुण्याला तर आणखी जवळचं उदाहरण आहे. काँग्रेस गवताची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातच झाली. त्यातल्या पार्थेनिनमुळे होणारा त्वचारोग शहराने पुढे बराच सोसला. नुसत्या हवेतून उडणाऱ्या कणांनी चेहरा, मान, कोपराची खळगी सुजून खडबडीत होते. काँग्रेस गवत शेवंतीच्या कुळातलं. त्याची ॲलर्जी असलेल्या माणसाला त्याच कुळातल्या कॅलेंड्युला किंवा कॅमोमाइलच्या ‘सौम्य’ क्रीमनेही त्रास होऊ शकतो.

बावचीचं बी यापेक्षा गुंतागुंतीचं. कोडावर वैद्य ते पूर्वीपासून वापरतात. त्यातलं सोरॅलेन त्वचेला उन्हासाठी हळवं करतं, आणि नियंत्रित अतिनील किरणांबरोबर आधुनिक त्वचाशास्त्रानेही हाच गुण उपचारात वापरला. देखरेखीशिवाय लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे फोड येतात. त्याच बियांत बाकुचिऑल नावाचं दुसरं द्रव्य आहे, सध्या सुरकुत्यांच्या सीरममध्ये त्याची चलती आहे. सोरॅलेन काढून टाकून बाकुचिऑल वेगळं करता येतं. बी एक, दोन द्रव्यं, दोघांचे स्वभाव वेगळे. बावचीची पूड घरी तेलात कढवली तर काय आलं आणि काय राहिलं, ते कोण सांगणार? लिंबाचं गणितही थोडं असंच. गालावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्यांचे काळे चट्टे महिनोन् महिने जात नाहीत.

शिवाय काही ‘हर्बल’ डब्यांत वनस्पती नावालाच असते. तपासणीत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन अशी स्टेरॉइड सापडलेली आहेत, गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडलेला आहे, आणि पाऱ्याच्या क्रीममुळे मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण महाराष्ट्रातल्या डॉक्टरांनीही नोंदवले आहेत. वनस्पती क्वचितच चार दिवसांत चमत्कार करते. चार दिवसांत पुरळ गायब, चेहरा उजळ, आणि बंद केलं की आग आणि लाली, असं झालं तर संशय वनस्पतीवर नव्हे, स्टेरॉइडवर घ्यावा. अशा वेळी डॉक्टरांना न विचारता आणखी एक क्रीम चोपडणं हा सगळ्यात वाईट उपाय.

प्रयोगशाळेत चाललं, मग चेहऱ्यावर का नाही?

‘वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध’ या शब्दांमागे पुष्कळदा एवढंच असतं, की काचेच्या बशीत अर्काने जिवाणूंची वाढ थांबवली किंवा परीक्षानळीत एका रंगीत द्रव्याचा रंग उतरवला. हे प्रयोग निरुपयोगी नाहीत, चाळणी म्हणून ते लागतात. पण बशीत वरचा तो पातळ थर नसतो, घाम नसतो, ऊन नसतं. आणि बशीत अर्क जितका घातला तितका क्रीममध्ये बसतोच असंही नाही.

त्वचेवर सिद्ध करायचं तर निम्म्या लोकांना अर्काचं क्रीम आणि निम्म्यांना तेच क्रीम अर्काशिवाय द्यावं लागतं. कारण नुसता चांगला पायासुद्धा कोरडी, खाजरी त्वचा बरी करतो. ‘क्रीम लावलं आणि बरं वाटलं’ यातलं श्रेय मंजिष्ठेचं किती आणि तेल-पाण्याचं किती, हे या तुलनेशिवाय कळत नाही. माझ्या मते हर्बल क्रीमच्या बाजारातला सगळ्यात टाळला जाणारा प्रश्न हाच आहे. (हळदीच्या क्रीमची अशी तुलना करायची तर आणखी पंचाईत. कुणाला कोणती डबी मिळाली, ते रंगावरूनच कळतं.)

तरी करणाऱ्यांनी केलं आहे. बाकुचिऑल आणि रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) यांची तुलना २०१९ साली ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मटॉलॉजीत आली. ४४ माणसं, १२ आठवडे, दोन्ही द्रव्यं अर्धा टक्का. सुरकुत्या आणि डाग दोन्हींनी कमी झाले, रेटिनॉलने त्वचा जास्त सोलवटली आणि चुरचुरली. संख्या लहान, पण पद्धत नीट. आणि चहाचंच बघा. ग्रीन टीच्या अर्काचं १५ टक्क्यांचं मलम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ साली एका विशिष्ट प्रकारच्या चामखिळींसाठी मान्य केलं. वनस्पतीतल्या मिश्रणाला, एकाच शुद्ध रेणूला नव्हे, त्यांनी औषध म्हणून दिलेली ती पहिली मान्यता. अर्कात कोणती कॅटेचिनं, म्हणजे चहातली तुरट द्रव्यं, किती, हे त्यांना काटेकोर बांधून घ्यावं लागलं.

मग हळदीच्या पेटंटवर भांडलो कशाला?

जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं आणि १९९७ साली रद्द झालं. लढली ती सीएसआयआर, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद. तिचे तेव्हाचे प्रमुख डॉ. रघुनाथ माशेलकर त्याआधी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. हा अभिमानाचा विषय खराच. पण तिथे सिद्ध झालं ते इतकंच, की हे ज्ञान जुनं आहे, म्हणून कुणाला त्याची मालकी सांगता येणार नाही. बाजारातलं हळदीचं प्रत्येक क्रीम गुणकारी आहे, असा निकाल कुणी दिलेला नाही.

डबी हातात घेतल्यावर

आधी परवाना क्रमांक. भारतात असं क्रीम दोन दारांनी बाजारात येतं. सौंदर्यप्रसाधन म्हणून, किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून. महाराष्ट्रात दोन्ही दारं अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे एफडीएकडे. प्रसाधनाला रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. ‘एक्झिमा जातो’ असं म्हणणाऱ्या डबीवर प्रसाधनाचा परवाना असेल तर तिथेच खोट आहे. आणि विक्रीसाठी स्वयंपाकघरात क्रीम करणं, कितीही मायेने केलं तरी, परवान्याशिवाय बेकायदा आहे. छोट्या उद्योजिकांना लोन लायसन्सचा मार्ग आहे. पाककृती आणि नाव आपलं, उत्पादन परवाना असलेल्या कारखान्यात. खर्च वाढतो, पण चाचण्या आणि खेपांच्या नोंदी आपोआप होतात.

मग घटकांची यादी. एक टक्क्याच्या वरचे घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, त्याखालचे कसेही. फिनॉक्सिइथेनॉलची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे डबीवर ठळक अक्षरांत झळकणारी मंजिष्ठा यादीत फिनॉक्सिइथेनॉलच्या नंतर आली, तर ती बहुधा एक टक्क्याहूनही कमी आहे. ज्येष्ठमधासारखा शुद्ध केलेला अर्क थोड्या प्रमाणातही काम करू शकतो, त्यामुळे कमी म्हणजे फसवणूकच असं नव्हे. पण मग अर्क कशात काढला, मार्कर किती, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. विक्रेत्याला उत्तर देता आलं तर बरं लक्षण.

नवं क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेवर, दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघावं. ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसते असं नाही, ती तयार व्हायला काही दिवस लागतात. खाज, लाली, फोड आले तर थांबावं आणि डॉक्टरांकडे जाताना डबी आणि बिल सोबत न्यावं. तक्रार एफडीएकडेही करता येते, मात्र डबीवर बॅच नंबर असेल तरच त्या खेपेचा माग काढता येतो.